खाण-भूकंपीय माहितीचे विश्लेषण

खाण-भूकंपीय माहितीचे विश्लेषण म्हणजे खाणकामामुळे खडकात निर्माण होणाऱ्या लहानमोठ्या कंपांच्या नोंदी तपासून त्या कंपांची वेळ, स्थान, आकार आणि कारण ठरविण्याची पद्धती होय. भूकंपशास्त्र आणि खनिकर्म अभियांत्रिकी या दोन शाखांच्या सीमेवर हा विषय येतो. खोल खाणीतील कामगारांची सुरक्षितता, सुरुंगानंतर खाणीत पुन्हा प्रवेश देण्याची वेळ आणि दुर्घटनेनंतर कारणाचा शोध या तिन्ही बाबतींत अशा विश्लेषणाचा आधार घेतला जातो.

आज हे काम मुख्यतः सॉफ्टवेअरच्या साहाय्याने होते. तथापि सॉफ्टवेअरचे उत्तर विश्लेषकाने आधी घेतलेल्या निर्णयांवर अवलंबून असते. लहर नेमकी कोणत्या क्षणी पोचली, खडकातील लहरींचा वेग किती धरला आणि किती लहान कंपांपर्यंतची सूची पूर्ण मानली, हे ते प्रमुख निर्णय होत. म्हणून या विषयाच्या प्राथमिक शिक्षणात प्रत्येक टप्प्यामागील गणित एकदा तरी हाताने करून पाहण्यावर भर दिला जातो.

संज्ञा

जमिनीखालून खनिज काढले की तेथे पोकळी निर्माण होते. त्या जागेवर असलेला वरच्या खडकाचा भार शेजारच्या खडकावर आणि मुद्दाम राखलेल्या खांबांवर येतो. हे वाढलेले प्रतिबल खडकाच्या सहनशक्तीपलीकडे गेल्यास खडक तडकतो किंवा जुन्या भेगेवर सरकतो, आणि साठलेल्या ऊर्जेचा काही भाग लहरींच्या रूपाने बाहेर पडतो. अशा कंपांच्या समुच्चयाला खाण-भूकंपीयता म्हणतात. कंपामुळे खाणीच्या भिंतीतील वा छतातील खडक जोराने उसळून बोगद्यात फेकला गेला, तर त्या घटनेस खडकस्फोट किंवा रॉकबर्स्ट असे म्हणतात. प्रत्येक खडकस्फोट हा कंप असतो, परंतु प्रत्येक कंपाचा खडकस्फोट होत नाही.

मानवी कृतीमुळे घडणाऱ्या भूकंपांना व्यापक अर्थाने प्रेरित भूकंप म्हणतात. मोठ्या जलाशयांमुळे, जमिनीत द्रव दाबल्यामुळे आणि खाणकामामुळे होणारे कंप या वर्गात मोडतात.

इतिहास

या शास्त्राचा प्रारंभ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाला. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड या सुवर्णक्षेत्रात जमीन हादरण्याच्या तक्रारी वाढल्यावर १९०८ मध्ये चौकशी समिती नेमण्यात आली, आणि १९१० मध्ये जोहान्सबर्ग येथे भूकंपमापक बसविण्यात आला. जर्मनीत बोखुम येथे १९०८ मध्येच खाणप्रदेशातील कंपांच्या नोंदीसाठी केंद्र सुरू झाले. या कंपांचा धोका खाणीपुरता मर्यादित नसतो. दक्षिण आफ्रिकेतील वेल्कम येथे ८ डिसेंबर १९७६ रोजी झालेल्या ५.२ महत्तेच्या कंपात एक सहा मजली इमारत कोसळली. जर्मनीतील फोल्कर्सहाउझेन येथे १३ मार्च १९८९ रोजी पोटॅश खाणीतील खांब कोसळून ५.६ महत्तेचा कंप नोंदला गेला.

भारतातील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण कर्नाटकातील कोलार सुवर्णक्षेत्राचे आहे. तेथील चँपियन रीफ खाण ३ किलोमीटरहून अधिक खोल गेली होती आणि जगातील अतिखोल खाणींत तिची गणना होई. खोली वाढत गेली तसे खडकस्फोटही वाढले. एका मोठ्या स्फोटापाठोपाठ आसपासच्या विस्तृत भागात स्फोटांची मालिका सुरू होई. तीस तेथे क्षेत्रीय खडकस्फोट असे नाव पडले. पोकळ्यांत आधी ग्रॅनाइटच्या दगडांचा आणि पुढे काँक्रीटचा भराव घालून धोका कमी करण्याचा प्रयत्न झाला. मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साहाय्याने तेथे भूकंपमापकांचे जाळे उभारण्यात आले. १९८८ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाच्या अखत्यारीत राष्ट्रीय शिलायांत्रिकी संस्था कोलार सुवर्णक्षेत्रातच स्थापन झाली. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. त्यानंतर रिकाम्या बोगद्यांत पाणी भरत गेले, आणि खाणकाम थांबूनही तेथे कंप होतच राहिले. खोदकामाने बदललेले प्रतिबल काम थांबल्याबरोबर पूर्ववत होत नाही, हे यावरून दिसते.

नोंदी घेण्याची साधने

खाणीत जमिनीचा वेग मोजणारे जिओफोन आणि त्वरण मोजणारे त्वरणमापक वापरतात. ते खडकात छिद्र पाडून त्यात सिमेंटने पक्के बसवितात. सैल बसविलेला जिओफोन खडकाबरोबर न हलता स्वतःच थरथरतो व नोंद बिघडवितो. एका दिशेची हालचाल नोंदणारे साधन स्वस्त असते. तीन परस्परलंब दिशांत नोंद घेणारे साधन महाग असले, तरी दुय्यम लहर ओळखण्यास अधिक उपयुक्त ठरते.

साधनाने दिलेल्या विद्युत संकेताचे ठरावीक कालांतराने आकड्यांत रूपांतर होते. दूरच्या भूकंपांसाठी सेकंदाला १०० नोंदी पुरतात. खाणीत अंतरे लहान आणि वारंवारता मोठी असल्याने सेकंदाला हजारो नोंदी घ्याव्या लागतात. सर्व साधनांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली असणे ही मूलभूत गरज आहे. लहर सेकंदाला ६ किलोमीटर वेगाने जात असेल, तर घड्याळातील एका मिलिसेकंदाचा फरक ६ मीटर अंतराएवढा होतो. दहा मिलिसेकंदांच्या चुकीने कंप एका बोगद्याऐवजी शेजारच्या बोगद्यात दाखविला जाऊ शकतो.

विश्लेषणाचे टप्पे

१. नोंदीची प्राथमिक पाहणी

भूकंपालेख उघडल्यावर प्रथम तो डोळ्यांनी पाहतात. पंप, पंखे, छिद्रण यंत्रे व वीजवाहिन्या यांचा गोंगाट नोंदीत मिसळलेला असतो. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने त्या वारंवारतेची एकसारखी रेघ आलेखात वारंवार दिसते. गोंगाट कमी करण्यासाठी फिल्टर वापरतात, म्हणजे विशिष्ट वारंवारतांचा पट्टा ठेवून बाकीचा वगळतात. मात्र फिल्टर लहरीची सुरुवात किंचित पुढेमागे सरकवू शकतो. त्यामुळे मूळ नोंद जशीच्या तशी जपून ठेवणे आवश्यक असते.

२. लहरींच्या आगमनाची निश्चिती

कंपातून निघणाऱ्या लहरींपैकी प्राथमिक लहर सर्वांत वेगवान असते. तिच्यामागून दुय्यम लहर येते. दोन्हींच्या आगमनाचा क्षण ठरविण्यास व्यवहारात पिकिंग म्हणतात. स्वयंचलित पिकिंगची एक जुनी व अजूनही रूढ असलेली रीत म्हणजे अल्पकालीन आणि दीर्घकालीन सरासरींचे गुणोत्तर. मागील क्षणभराच्या हालचालीची सरासरी काढून तिला मागील काही सेकंदांच्या सरासरीने भागतात. शांत काळात हे गुणोत्तर १ च्या आसपास राहते, आणि लहर पोचताच एकदम वाढते. ते ठरविलेल्या मर्यादेपलीकडे गेले की संगणक घटना नोंदवितो. मर्यादा कमी ठेवल्यास ट्रकच्या धक्क्यालाही कंप समजले जाते, आणि जास्त ठेवल्यास लहान कंप निसटतात.

अलीकडे यंत्र-अध्ययनावर आधारित पद्धतीही प्रचलित झाल्या आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली 'फेजनेट' ही त्यांपैकी एक होय. अशा पद्धती ज्या प्रदेशातील नोंदींवर शिकविलेल्या असतात, त्याहून वेगळ्या परिस्थितीत त्यांची फलिते तपासून घ्यावी लागतात.

३. स्थाननिश्चिती

दोन लहरींच्या आगमनांतील अंतरावरून कंप किती दूर झाला हे काढता येते. उदाहरणादाखल प्राथमिक लहरीचा वेग सेकंदाला ६ किलोमीटर व दुय्यम लहरीचा ३.५ किलोमीटर मानू. दोन्ही वेगांच्या गुणाकारास त्यांच्या वजाबाकीने भागल्यास २१ ÷ २.५ = ८.४ मिळतात. दोन लहरींतील सेकंदांना ८.४ ने गुणले की किलोमीटरमध्ये अंतर येते. हे अंतर ०.०५ सेकंद असेल, तर कंप ४२० मीटर दूर झाला. पिकिंगमध्ये ०.०१ सेकंदाची चूक झाली, तर उत्तर ८४ मीटरने बदलते.

एका साधनावरून केवळ अंतर कळते. अनेक साधने असतील, तर प्रत्येकाभोवती त्या अंतराचा गोल कल्पून ते जेथे छेदतात तेथे भूकंपनाभी मानता येते. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर लुडविग गायगर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडलेली पुनरावृत्तीची पद्धत वापरते. आधी एक स्थान गृहीत धरून तेथून प्रत्येक साधनापर्यंतचा प्रवासकाळ काढतात. मोजलेल्या व काढलेल्या वेळांतील फरकास अवशेष म्हणतात. अवशेष कमीत कमी होईपर्यंत स्थान थोडेथोडे सरकवीत नेतात.

अवशेष लहान आला म्हणजे स्थान अचूक आले, असे नाही. वेग चुकीचा धरला असल्यास सर्व कंप एकाच दिशेला सरकतात आणि अवशेष तरीही लहान दिसतात. तसेच सर्व साधने एकाच पातळीवर असतील, तर कंप त्या पातळीच्या वर झाला की खाली, हे गणिताला ठरविता येत नाही. म्हणून साधने निरनिराळ्या पातळ्यांवर बसवितात, आणि स्थळ-वेळ ठाऊक असलेल्या सुरुंगाच्या साहाय्याने वेगाचे प्रतिमान पडताळतात.

४. महत्तेचे मापन

वृत्तपत्रांतून 'रिश्टर' हा शब्द सरसकट वापरला जातो. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये मांडलेले मापन दक्षिण कॅलिफोर्नियातील विशिष्ट उपकरणांसाठी होते. खाणीत सामान्यतः परिबल महत्ता वापरतात. खडकाची दृढता, सरकलेल्या भागाचे क्षेत्रफळ आणि सरकण्याचे अंतर यांचा गुणाकार म्हणजे भूकंपीय परिबल होय. त्याच्या लॉगॅरिथममधून ९.१ वजा करून १.५ ने भागले की परिबल महत्ता मिळते.

१० मीटर लांब व १० मीटर रुंद अशी भेग १ मिलिमीटर सरकली आणि खडकाची दृढता ३० अब्ज पास्कल असेल, तर परिबल ३ अब्ज न्यूटन-मीटर येते व महत्ता सुमारे ०.२५ येते. त्याहून लहान कंपांची महत्ता शून्याखाली, म्हणजे ऋण येते. ऋण महत्ता पाहून अनेक विद्यार्थी गोंधळतात. तिचा अर्थ कंप फार लहान आहे, एवढाच असतो. महत्ता एका अंकाने वाढली की परिबल सुमारे ३२ पट होते.

५. उगमाचे स्वरूप

प्राथमिक लहर पोचताना जमिनीची पहिली हालचाल उगमापासून दूर झाली की उगमाकडे, यावरून कंपाचे स्वरूप कळू लागते. सुरुंगात खडक सर्व बाजूंना ढकलला जातो, म्हणून पहिली हालचाल सर्वत्र उगमापासून दूर जाणारी असते. पोकळी कोसळल्यास ती सर्वत्र उगमाकडे येते. खडक भेगेवर सरकल्यास काही दिशांना ती दूर जाते, तर काहींना जवळ येते. यावर आधारित सविस्तर गणितास परिबल-प्रदिश काढणे म्हणतात. दुसरा उपयोगी निर्देशांक म्हणजे दुय्यम व प्राथमिक लहरींतील ऊर्जांचे गुणोत्तर. भेगेवरील सरकण्यात ते सहसा १० हून अधिक असते. ते बरेच कमी आल्यास सुरुंग, खांब चिरडणे किंवा छत कोसळणे यांची शक्यता तपासतात.

६. सूचीचे विश्लेषण

शेकडो कंपांची सूची तयार झाल्यावर तिचे सांख्यिकीय परीक्षण होते. बेनो गुटेनबर्ग आणि रिश्टर यांनी दाखविल्याप्रमाणे लहान कंप पुष्कळ आणि मोठे कंप थोडे असतात. हे प्रमाण 'बी-मूल्य' या अंकाने व्यक्त होते, आणि ते बहुधा १ च्या जवळ असते. बी-मूल्य उतरणे हे मोठ्या कंपांचे प्रमाण वाढल्याचे, आणि बहुधा प्रतिबल वाढल्याचेही, लक्षण मानले जाते.

येथे पूर्णता-महत्तेचा प्रश्न निर्णायक ठरतो. ज्या महत्तेपासून वरचे सर्व कंप निश्चितपणे नोंदले गेले आहेत, तिला पूर्णता-महत्ता म्हणतात. बी-मूल्य काढण्यासाठी ०.४३४ या अंकास सरासरी महत्ता व पूर्णता-महत्ता यांच्या फरकाने भागतात. महत्ता ०.१ च्या टप्प्यांत नोंदलेल्या असतील, तर पूर्णता-महत्तेतून आधी ०.०५ वजा करतात. समजा, पूर्णता-महत्ता ० आणि तिच्यापासून वरच्या कंपांची सरासरी ०.४३ आहे. मग बी-मूल्य ०.४३४ ÷ ०.४८ म्हणजे सुमारे ०.९ येते. विश्लेषकाने पूर्णता-महत्ता चुकून −०.५ धरली आणि अर्धवट नोंदलेले लहान कंप घेतल्याने सरासरी ०.२ झाली, तर उत्तर ०.४३४ ÷ ०.७५ म्हणजे सुमारे ०.५८ येते. खडकात काहीही बदललेले नसते, तरी धोका वाढल्याचा भास होतो. याच्या उलट प्रकारच्या चुकीने खरा धोका झाकलाही जाऊ शकतो.

मोठ्या कंपानंतर वा सुरुंगानंतर येणाऱ्या कंपांची संख्या काळाबरोबर घटत जाते. हा नियम जपानी शास्त्रज्ञ फुसाकिची ओमोरी यांनी १८९४ मध्ये मांडला. या घटीचा आलेख पूर्वपातळीला आला की कामगारांना पुन्हा आत जाऊ देण्याचा विचार करतात. त्याआधी पाठविणे धोक्याचे असते, आणि कारण नसता फार थांबणे उत्पादनाला महाग पडते. या ओढाताणीत आलेख अचूक असण्याचे महत्त्व स्पष्ट होते.

प्रचलित सॉफ्टवेअर

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात १९७० च्या दशकात तयार झालेला 'हायपो-७१' हा स्थाननिश्चितीचा कार्यक्रम दीर्घकाळ जगभर वापरला गेला. त्याचे गणित समजून घेणे आजही उपयुक्त आहे. नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाशी निगडित 'साइसॅन' या संचात पिकिंग, स्थाननिश्चिती, महत्ता आणि सूची ही कामे एकत्र करता येतात. 'ऑब्सपाय' हे पायथन या संगणकभाषेतील मुक्त ग्रंथालय आहे. भूकंपालेख वाचणे, फिल्टर लावणे व आलेख काढणे या गोष्टी त्यात मोजक्या ओळींत करता येतात. जर्मनीतील पॉट्सडॅम येथे विकसित झालेले 'साइसकॉम्प' सतत चालणाऱ्या निरीक्षणजाळ्यांसाठी वापरतात. दोन जवळच्या कंपांच्या वेळांतील फरक वापरून त्यांची परस्परसापेक्ष स्थाने सुधारण्यासाठी 'हायपो-डीडी' हा कार्यक्रम प्रसिद्ध आहे.

खास खाणींसाठी व्यावसायिक प्रणाली आहेत. 'इन्स्टिट्यूट ऑफ माइन सायस्मॉलॉजी' या संस्थेच्या 'ट्रेस' व 'व्हँटेज' या प्रणाली अनुक्रमे एकेका नोंदीच्या प्रक्रियेसाठी आणि संपूर्ण सूचीच्या अर्थनिर्णयासाठी आहेत. पर्थ येथील ऑस्ट्रेलियन सेंटर फॉर जिओमेकॅनिक्सची 'एमएक्सरॅप' ही प्रणाली खाणीच्या त्रिमितीय नकाशावर कंप दाखवून धोक्याचे मूल्यमापन करते. सॉफ्टवेअर बदलले तरी वर दिलेले सहा टप्पे बहुतांशी तेच राहतात. त्यामुळे आरंभी एक विनामूल्य संच नीट शिकलेल्या विद्यार्थ्यास पुढे दुसरा संच अवघड जात नाही.

नोंदी साठविण्यासाठी 'मिनीसीड' हे स्वरूप आंतरराष्ट्रीय पातळीवर रूढ आहे. साधनाची संवेदनक्षमता, स्थान व दिशा यांची माहिती वेगळ्या नोंदपत्रात असते. ते नसेल, तर आलेख दिसतो पण महत्ता काढता येत नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात कोलारइतक्या खोल खाणी नाहीत. नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणी तसेच नागपूर जिल्ह्यातील गुमगाव व भंडारा जिल्ह्यातील चिखला येथील मँगनीज खाणी तुलनेने उथळ आहेत. प्रेरित भूकंपांच्या अभ्यासात राज्याचे नाव जगभर घेतले जाते ते कोयनेमुळे. शिवाजीसागर जलाशयात १९६० च्या दशकाच्या आरंभी पाणी साठू लागले आणि परिसरात कंप जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे तेथे ६.३ महत्तेचा भूकंप झाला. जलाशयाशी संबंध जोडला गेलेल्या भूकंपांत हा जगातील सर्वांत मोठा मानला जातो. पुढे केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने कराड येथे विवरछिद्र भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभारली, आणि गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले. कोयनेत पाणी आणि खाणीत खोदकाम हे कारण असले, तरी पिकिंगपासून बी-मूल्यापर्यंतची विश्लेषणपद्धती दोन्हींकडे सारखीच आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात भूमिगत खाणी नाहीत, परंतु मोशीसारख्या भागांत बेसाल्टच्या दगडखाणी आहेत. बांधकामासाठी लागणाऱ्या खडीकरिता तेथील दगड सुरुंगाने फोडला जातो. या पट्ट्यातील संवेदनक्षम साधनावर दगडखाणीतील सुरुंग, कारखान्यांतील प्रेस व घडाईचे घण, महामार्गावरील अवजड वाहने आणि दूरचा भूकंप असे चारही प्रकार उमटू शकतात. त्यांतील फरक ओळखणे हा नवशिक्यासाठी उत्तम सराव आहे. चाकण कोयनानगरपासून हवाई अंतराने सुमारे १५० किलोमीटर आहे. वर काढलेल्या ८.४ या गुणकाने भागल्यास कोयनेच्या कंपाच्या दोन लहरींत तेथे सुमारे १८ सेकंदांचे अंतर पडावे. दीड किलोमीटरवरील दगडखाणीच्या सुरुंगात तेच अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी भरते. शिवाय सुरुंग बहुधा दिवसा, कामाच्या वेळेत होतात. घणाचे ठोके ठरावीक अंतराने येतात, तर वाहनाचा आलेख हळूहळू चढतो व उतरतो.

सुरुंगांच्या हादऱ्यांनी घरांना तडे गेल्याच्या तक्रारी दगडखाणींच्या परिसरात नेहमी उद्भवतात. अशा वेळी मोजमाप हाच निःपक्ष आधार असतो. धनबाद येथे मुख्यालय असलेल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात जमिनीच्या कमाल कणवेगाच्या मर्यादा दिल्या आहेत. खाणमालकाच्या मालकीची नसलेल्या निवासी घरांसाठी ८ हर्ट्झहून कमी वारंवारतेला सेकंदास ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झला १० मिलिमीटर आणि २५ हर्ट्झहून अधिक वारंवारतेला १५ मिलिमीटर अशी ही मर्यादा आहे. औद्योगिक इमारतींसाठी त्याच क्रमाने १०, २० व २५ मिलिमीटर, तर ऐतिहासिक व नाजूक वास्तूंसाठी २, ५ व १० मिलिमीटर ठरविले आहेत. कमी वारंवारतेच्या हादऱ्यास इमारत अधिक सहज डोलते, म्हणून तेथे मर्यादा कडक आहे. यामुळे केवळ हादरा मोजून भागत नाही, त्याची वारंवारताही काढावी लागते.

हादऱ्याचा अंदाज बांधण्यासाठी प्रमाणित अंतर वापरतात. मीटरमधील अंतरास एका क्षणी उडणाऱ्या स्फोटकाच्या किलोग्रॅममधील वजनाच्या वर्गमुळाने भागले की ते मिळते. २०० मीटरवर २५ किलोग्रॅम आणि ४०० मीटरवर १०० किलोग्रॅम या दोहोंत ते ४० च येते, म्हणून दोन्हींचा हादरा साधारण सारखा अपेक्षित असतो. पुण्याजवळील खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र ही अशा कंपनमापनाचे काम करणारी जुनी संस्था असून तिची स्थापना १९१६ ची आहे. कोयनेच्या भूकंपीय निरीक्षणातही या संस्थेचा वाटा आहे.

क्रँडल कॅन्यनचे उदाहरण

६ ऑगस्ट २००७ रोजी अमेरिकेच्या युटा राज्यातील क्रँडल कॅन्यन या कोळसा खाणीचा मोठा भाग कोसळला आणि ६ कामगार आत अडकले. १६ ऑगस्ट रोजी बचावकार्य चालू असताना आणखी एक खडकस्फोट होऊन ३ जण मृत्युमुखी पडले. अडकलेले कामगार सापडले नाहीत. पहिल्या घटनेच्या वेळी ३.९ महत्तेचा कंप नोंदला गेला होता. नैसर्गिक भूकंपामुळे खाण कोसळली, असा दावा खाणचालकांकडून करण्यात आला.

भूकंपालेखांनी वेगळेच सांगितले. स्पष्ट नोंदींत पहिली हालचाल उगमाकडे येणारी होती, आणि परिबल-प्रदिशही भेगेवरील सरकण्यापेक्षा पोकळी मिटण्याशी जुळत होता. म्हणजे भूकंपाने खाण कोसळली नव्हती, खाण कोसळणे हाच तो कंप होता. २००८ मध्ये अमेरिकी खाण सुरक्षा प्रशासनाच्या चौकशीनेही नैसर्गिक भूकंपाचे कारण नाकारले व खांबांच्या सदोष आखणीवर ठपका ठेवला. एका आलेखाच्या पहिल्या वळणाच्या दिशेवर उत्तरदायित्वाचा प्रश्न कसा अवलंबून असू शकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

नेहमी आढळणाऱ्या चुका

- भारतीय प्रमाणवेळ व जागतिक प्रमाणवेळ यांतील साडेपाच तासांचा फरक विसरणे. कोयनेच्या १९६७ च्या भूकंपाची तारीख जागतिक सूचींत याच कारणाने १० डिसेंबर अशी आढळते.
- सुरुंगांच्या नोंदी सूचीतून न वगळता बी-मूल्य काढणे.
- साधन उलटे जोडलेले असल्यास पहिल्या हालचालीची दिशा उलटी दिसते, हे न तपासणे.
- निरीक्षणजाळ्यात नवी साधने बसविल्यानंतर वाढलेली कंपसंख्या ही खडकातील बदलाची खूण समजणे.
- स्थानाबरोबर संभाव्य त्रुटी न देणे. १०० कंपांवरून काढलेल्या ०.९ या बी-मूल्यातही सुमारे ०.०९ इतकी अनिश्चितता असते.

मर्यादा

खाण-भूकंपीय विश्लेषणाने एखादा खडकस्फोट नेमका कोठे व केव्हा होईल हे सांगता येत नाही. खाणीचा कोणता भाग अधिक धोक्याचा बनत आहे आणि सुरुंगानंतर खडक शांत झाला आहे का, याचा अंदाज त्यातून मिळतो. त्या अंदाजाचे मोल खडकाची प्रत्यक्ष पाहणी, प्रतिबलाची मोजमापे आणि खाणीत रोज वावरणाऱ्या कामगारांचा अनुभव यांच्याशी ताडून पाहिल्यावरच ठरते. छताचा कडकडाट आणि भिंतीवरून निसटणारे कपचे यांची दखल जाणकार कामगार पूर्वीपासून घेत आले आहेत.

हेही पाहा

- भूकंप
- भूकंपमापक
- कोयना धरण
- कोलार सुवर्णक्षेत्र
- दख्खनचे पठार